बाबांची मीटरची वही आणि विजेचा बिनतारी हिशोब

आमच्या कराडच्या घरी दोनशे पानी एक वही आहे. सकाळी सातला दुधाची पिशवी घेऊन फाटकावरून परत येताना बाबा मीटरच्या पेटीपाशी थांबतात, चष्मा वर सरकवून आकडा वाचतात आणि आत येऊन वहीत लिहितात. तारीख, आकडा, आणि कालच्यापेक्षा किती वाढला ते. निवृत्त झाल्यापासूनचा हा नेम आहे. गेल्या मे महिन्यात त्यांचा फोन आला. "घरात आम्ही दोघंच. रोज साडेसहा युनिट व्हायची, आता साडेआठ होतात. कूलरचं एक धरलं तरी दुसरं जातंय कुठं?"

वहीत याचं उत्तर सापडणार नव्हतं. दिवसातून एकदा घेतलेल्या आकड्यावरून वीज किती जळली ते कळतं. कधी जळली आणि कशात जळली ते कळत नाही. ते हवं असेल तर हीच वही दर दहा सेकंदांनी लिहिली पाहिजे, आणि ते काम माणसाचं नव्हे. म्हणून आम्ही घरातली वीज मोजून बिनतारी पाठवणारी एक छोटी यंत्रणा बसवली. अशा तयार वस्तू बाजारात मिळतात. पण त्यांच्या आत काय चालतं हे ठाऊक असेल तर घेताना आणि बसवताना फसगत होत नाही, म्हणून सगळं उलगडून सांगतो.

सुरुवातीला एक गोष्ट पक्की करून घेऊ. वॉट म्हणजे नळाची धार आणि युनिट म्हणजे भरलेला हंडा; हजार वॉटची धार तासभर चालली की एक हंडा. बारीक धार दिवसभर चालली तरी हंडा भरतो आणि मोठी धार पाच मिनिटांत भरते. ७५ वॉटचा जुना पंखा १२ तास फिरला की ०.९ युनिट जातं. २००० वॉटचा गिझर १५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर नेतो, त्याला साधारण १८ मिनिटं लागतात आणि ०.६ युनिट जातं. आई गिझरवरून सगळ्यांना ओरडते. उन्हाळ्यात आमच्याकडे तीन पंखे रात्रंदिवस फिरतात, त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही. वीज मोजायची ती यासाठीच. धार डोळ्यांना दिसते, हंडा दिसत नाही.

लुकलुकणारा लाल दिवा

हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. त्याच्याजवळ बारीक अक्षरांत एक आकडा छापलेला असतो. आमच्या मीटरवर ३२०० आहे. काहींवर १६०० किंवा ६४०० असतो. अर्थ असा, की दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. त्याला ३२०० ने भागलं की एका लुकलुकीला ११२५ ज्यूल येतात. म्हणजे ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागलं की त्या क्षणीचे वॉट हातात येतात.

हे करून बघायला काहीही विकत आणावं लागत नाही. बाबा आणि मी मोबाईलचं स्टॉपवॉच घेऊन पेटीसमोर उभे राहिलो. फ्रीज आणि दोन पंखे चालू होते. दहा लुकलुकींना ४५ सेकंद लागले, म्हणजे २५० वॉट. मग मी आत ओरडून आईला गिझर लावायला सांगितलं. दिवा एकदम सेकंदाला दोनदा लुकलुकायला लागला. बाबांनी खिशातून पेन काढून तळहातावर गुणाकार केला आणि म्हणाले, "सव्वादोन हजार. बरोबर आहे, गिझर दोन हजाराचा आहे."

यंत्रणेचा पहिला भाग यातूनच जन्मला. त्या दिव्यासमोर प्रकाश ओळखणारा एक फोटोट्रान्झिस्टर चिकटवायचा, बाहेरचा उजेड शिरू नये म्हणून वरून काळी टेप लावायची आणि लुकलुकी मोजायच्या. प्रकाशासाठी एलडीआर नावाचा आणखी स्वस्त भाग मिळतो, पण तो सुस्त असतो आणि छोटी लुकलुक त्याच्या हातून निसटू शकते. उलट कधीकधी एकच लुकलुक दोनदा मोजली जाते. त्यावर सोपा उपाय आहे. ०.१ सेकंदापेक्षा कमी अंतराने आलेली लुकलुक धरायचीच नाही, कारण तेवढ्या वेगाचा अर्थ ११ किलोवॉट होतो आणि आमच्या घरात तेवढं काही नाही.

या पद्धतीची मोठी खुबी म्हणजे तिचा आकडा बिलाच्या आकड्याशी तंतोतंत जुळतो, कारण आपण मीटरचंच ऐकत असतो. विजेच्या तारेला हात लावावा लागत नाही. मर्यादा दोन आहेत. रात्री घर शांत असताना, समजा ५० वॉटवर, दोन लुकलुकींमध्ये साडेबावीस सेकंद जातात; मधल्या वेळात काय झालं ते दिसत नाही. आणि एकूण आकडा मिळतो, व्होल्टेज वगैरे काही कळत नाही.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. मीटर वीज कंपनीच्या मालकीचा असतो. त्याचं सील, त्याचं झाकण, त्याच्या तारा यांना हात लावायचा नाही. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३८ प्रमाणे मीटरमध्ये ढवळाढवळ हा गुन्हा आहे. बाहेरून टेप चिकटवण्याआधीसुद्धा विचारलेलं बरं. सोसायटीच्या सामाईक मीटर रूममध्ये तर विचारायलाच हवं.

तारेला कान लावताना

दुसरा भाग घराच्या आत, मेन स्विचनंतर बसतो. तारेभोवती चिमट्यासारखा बंद होणारा क्लॅम्प मिळतो, त्याला सीटी म्हणतात, म्हणजे करंट ट्रान्सफॉर्मर. तारेतून प्रवाह वाहिला की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. क्लॅम्पच्या आत फेराइटची कडी असते आणि तिच्यावर बारीक तारेचे वेढे असतात. आमच्या क्लॅम्पचं प्रमाण २००० ला १ आहे. तारेतून १०० अँपिअर गेले की क्लॅम्पमधून ५० मिलिअँपिअर येतात. तार कापायची नाही, सोलायची नाही.

क्लॅम्प लावल्यावर पहिल्या दिवशी आकडा शून्य आला. मी फेज आणि न्यूट्रल दोन्ही तारा क्लॅम्पमध्ये घेतल्या होत्या. एकीतून जितका प्रवाह जातो तितकाच दुसरीतून परत येतो, दोन्ही चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खाऊन टाकतात. क्लॅम्पमध्ये एकच तार हवी. गंमत म्हणजे हेच तत्त्व घराच्या बोर्डातल्या आरसीसीबीत जीव वाचवायला वापरलेलं असतं. तिथे मुद्दाम दोन्ही तारा एका कडीतून नेतात; जाणारा आणि परतणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी प्रवाह माणसातून किंवा भिंतीतून जमिनीत चाललाय, की ती स्विच पाडते. तुमच्या घरी ती नसेल तर वीज मोजण्याच्या फंदात पडण्याआधी ती बसवून घ्या.

क्लॅम्पमधून येणारा बारीक प्रवाह एका रेझिस्टरमधून, म्हणजे प्रवाहाला ठरावीक अडथळा करणाऱ्या भागातून, नेला की व्होल्टेज मिळतं आणि ते मायक्रोकंट्रोलरला, म्हणजे बोर्डावरच्या छोट्या संगणक-चिपला, वाचता येतं. हा रेझिस्टर किती ओमचा, हा प्रश्न छोटा वाटतो, पण सगळी अचूकता तिथे ठरते. आम्ही वापरलेला ईएसपी-३२ बोर्ड ३.३ व्होल्टवर चालतो. मधली रेघ १.६५ व्होल्टवर धरली तर लाटेला वर १.६५ आणि खाली १.६५ जागा मिळते. १०० अँपिअरची लाट शिखरावर १४१ अँपिअर असते. तिला २००० ने भागलं की ७०.७ मिलिअँपिअर. १.६५ व्होल्टला त्याने भागलं की साधारण २३ ओम येतात, म्हणून त्याच्या आतला २२ ओमचा रेझिस्टर. बहुतेक ठिकाणी हाच सांगतात.

आता टीव्हीच्या खाली रात्रंदिवस जागा असलेला सेट-टॉप बॉक्स घ्या. धरा १० वॉट. प्रवाह ०.०४३ अँपिअर. क्लॅम्पमधून येतात ०.०२२ मिलिअँपिअर, आणि २२ ओमवर त्याचं होतं जेमतेम अर्धा मिलिव्होल्ट. ईएसपी-३२ च्या मोजपट्टीवरची सर्वांत लहान रेघ ०.८ मिलिव्होल्टची आहे, आणि बोर्डाचा स्वतःचा गोंगाट काही रेघांचा असतो. म्हणजे तो बॉक्स दिसणारच नाही. महिन्याला सात युनिट खाणारी वस्तू मोजणीतून गायब! घरात ३० अँपिअरच्या वर कधी जाणारच नसेल तर रेझिस्टर ६८ ओमचा घ्या, दृष्टी तिपटीने तीक्ष्ण होते. एखादीच वस्तू तपासायची असेल तर वायरमनकडून एक एक्स्टेंशन बनवून घ्या, ज्यात फेजची तार क्लॅम्पमधून दहा वेळा गुंडाळलेली असेल. दहा वेढे म्हणजे दहापट आकडा. नंतर दहाने भागायचं.

एक इशारा. साध्या सीटीची दोन टोकं रेझिस्टर न लावता उघडी ठेवून तारेवर चढवू नका. प्रवाहाला वाट न मिळाल्याने टोकांवर धोकादायक व्होल्टेज चढू शकतं. आधी रेझिस्टर, मग क्लॅम्प. आणि क्लॅम्पचा जबडा पूर्ण बंद झाल्याचं बोटाने चाचपून बघा. आमच्याकडे स्विचबोर्डातला भिंतीचा चुरा जबड्यात अडकला होता, आकडा कमी येत होता आणि कारण शोधण्यात माझा अख्खा रविवार गेला.

प्रवाह कळला म्हणजे वॉट कळले, असं नाही. व्होल्टेज मोजलंच पाहिजे. कागदावर आपल्याकडे २३० व्होल्ट असतात. मे महिन्याच्या दुपारी आमच्याकडे २०० च्या आसपास उतरलेले मी पाहिले. गिझरसारख्या वस्तूचे वॉट व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतात. २०० व्होल्टवर २००० वॉटचा गिझर १५१२ वॉटच घेतो. त्या वेळी प्रवाह मोजून तुम्ही डोळे झाकून २३० ने गुणलंत तर १७३९ येतात. पंधरा टक्के चूक, आणि ती तासातासाला बदलणारी. व्होल्टेजचं हे दुखणं गंभीरपणे मोजणारी संस्था आपल्या पुण्यातच आहे. 'प्रयास'च्या ऊर्जा गटाने साध्या प्लग पॉइंटला लावायची यंत्रं देशभर अनेक ठिकाणी बसवून मिनिटामिनिटाचं व्होल्टेज मोबाईल नेटवर्कवरून गोळा केलं आणि सगळ्यांसाठी खुलं ठेवलं. त्यांच्याच दुसऱ्या प्रकल्पात महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेशातल्या शंभरावर घरांतला वीजवापर मोजला गेला. ग्राहकाकडे स्वतःचा आकडा असला की तक्रारीला वजन येतं, म्हणून मला या कामाचं फार मोल वाटतं.

पंखा, मोटर, फ्रीज यांच्यात आणखी एक भानगड असते. प्रवाहाची लाट व्होल्टेजच्या लाटेच्या मागे रेंगाळते. व्होल्टेज गुणिले प्रवाह केलं तर मोठा आकडा येतो, प्रत्यक्षात वापर कमी असतो; या दोहोंच्या गुणोत्तराला पावर फॅक्टर म्हणतात. खरे वॉट हवे असतील तर एका क्षणाचं व्होल्टेज आणि त्याच क्षणाचा प्रवाह यांचा गुणाकार करायचा, असे शेकडो गुणाकार करायचे आणि त्यांची सरासरी काढायची. आपली वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, एक हेलकावा २० मिलिसेकंदांचा. प्रत्येक हेलकाव्यात शंभर नोंदी घेतल्या तर लाट नीट पकडता येते.

यातही क्लॅम्प थोडा दगा देतो. तो लाट एक-दोन अंशांनी सरकवतो. गिझरसाठी दोन अंशांचा फरक नगण्य आहे, ०.०६ टक्के. पण पावर फॅक्टर ०.५ असलेल्या मोटरसाठी तेच दोन अंश ६ टक्के चूक घालतात. म्हणून इस्त्रीवर तपासून "बरोबर आलं" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मोटर लावून मीटरच्या लाल दिव्याशी ताडून बघा.

हे सगळं स्वतः जुळवण्यात मजा आहे आणि शिकायलाही मिळतं, पण कराडच्या घरासाठी मी शेवटी तयार मोजणी-चिप असलेला पीझेम-००४टी नावाचा मॉड्यूल घेतला. तो ८० ते २६० व्होल्ट आणि १०० अँपिअरपर्यंत मोजतो, गुणाकार-सरासरी आतच करतो आणि आकडे बोर्डाला देतो. त्याच्या एका बाजूला मात्र सरळ २३० व्होल्ट खेळत असतात. म्हणून तो बंद प्लॅस्टिकच्या डब्यात, फ्यूज घालून, लायसन्स असलेल्या वायरमनकडून बसवला. मेन स्विच पाडला तरी त्याच्या आधीच्या तारा जिवंतच असतात, हे विसरू नका.

आकडा भिंतीपलीकडे नेताना

ईएसपी-३२ मध्ये वाय-फाय असतं, त्यामुळे बिनतारीचा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. मग मीटरची लोखंडी पेटी बंद केली की संपर्क तुटतो. धातूची बंद पेटी रेडिओलहरी अडवते. आम्ही पेटीत फक्त प्रकाशाचा सेन्सर ठेवला आणि दोन पातळ तारा बाहेर काढून बोर्ड पेटीबाहेर, पावसाच्या आडोशाला लावला.

पुण्या-मुंबईच्या इमारतींत मीटर खाली पार्किंगला आणि फ्लॅट चौथ्या मजल्यावर. मधले तीन-चार स्लॅब वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी बहुधा पार करू शकत नाहीत. तिथे लोरा नावाची पद्धत कामी येते. ती कमी वारंवारतेवर, सावकाश आणि थोडेच शब्द बोलते, पण लांबवर पोचते. भारतात ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा अशा कामासाठी विनापरवाना वापरता येतो. ९१५ मेगाहर्ट्झचा अमेरिकी मॉड्यूल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, तो पट्टा आपल्याकडे यासाठी मोकळा नाही. पण फ्लॅटवाल्यांना खरं तर याहून सोपी वाट आहे. खालच्या मीटरच्या नादी न लागता फ्लॅटमधल्याच एमसीबीच्या बोर्डात क्लॅम्प लावायचा. वाय-फाय पुरतं.

वाय-फाय बोलताना क्षणभर पाव अँपिअरच्या आसपास प्रवाह ओढतं. स्वस्त चार्जरला तो झटका झेपला नाही की बोर्ड पुन्हा सुरू होतो, आणि आपल्याला वाटतं प्रोग्राम चुकला. चार्जर बदला, बोर्डाजवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे क्षणभराची वीज साठवणारा भाग, लावा. ईएसपी-३२ स्वतःच लाट मोजत असेल तर आणखी एक ध्यानात ठेवा. त्याचे मोजणीचे निम्मे पाय, म्हणजे तारा जोडायच्या पिना, वाय-फाय चालू असताना काम करत नाहीत. क्लॅम्प ३२ ते ३९ क्रमांकांच्या पायांवरच जोडा.

बोर्डातून निघालेला आकडा एमक्यूटीटी नावाच्या पद्धतीने जातो. १९९९ मध्ये अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी ती तेलाच्या पाइपलाइनवरच्या उपकरणांसाठी बनवली. तिथे उपग्रहावरून संदेश जायचे आणि एकेक बाइट महाग होता. सोसायटीच्या नोटीस बोर्डासारखी तिची रचना आहे. मधे ब्रोकर नावाचा प्रोग्राम. त्या नोटीस बोर्डावर 'मीटर' हा कप्पा, 'मोटर' हा कप्पा. मोजणारा आपल्या कप्प्यात चिठ्ठी लावून मोकळा होतो. कोण वाचतंय याची त्याला फिकीर नाही. ज्याला हवं तो कप्प्यावर नजर ठेवतो. आमचा ब्रोकर राऊटरशेजारच्या रास्पबेरी पाय नावाच्या छोट्या संगणकावर चालतो. आकडे तिथेच साठतात आणि घरातल्या कोणत्याही मोबाईलवर ग्राफ दिसतो.

चिठ्ठीवर काय लिहायचं? मी आधी त्या क्षणीचे वॉट पाठवत होतो आणि त्यांची बेरीज रास्पबेरी पायवर करत होतो. पहिल्या आठवड्यात माझी बेरीज आणि बाबांची वही जुळेना. मी दरवेळी कमी. राऊटर बंद पडला, लाइट गेली, संदेश हरवला, की तेवढ्या मिनिटांची वीज माझ्या हिशोबातून कायमची जायची. बाबांनी वही पुढे केली. मागे ते लग्नाला साताऱ्याला गेले होते तेव्हाचे दोन दिवस कोरे होते, पण तिसऱ्या दिवशीच्या आकड्यात त्या दोन दिवसांची वीज आपोआप आली होती. "मी फरक नाही लिहीत, आकडा लिहितो. फरक कधीही काढता येतो," ते म्हणाले.

अशा यंत्रणेच्या आराखड्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तो हाच. बोर्डाने चढता आकडा पाठवायचा, आजवरच्या एकूण लुकलुकी. मधले दहा संदेश हरवले तरी अकरावा सगळी भरपाई करतो. वॉट हवे असतील तर दोन आकड्यांतला फरक आणि दोन वेळांतला फरक, की भागाकार. तयार वस्तू घेतानाही हे विचारून घ्या, ती चढतं युनिट पाठवते का.

मग लाइट गेल्यावर हा चढता आकडा लक्षात कोण ठेवणार? बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत, म्हणजे वीज गेली तरी टिकणाऱ्या साठ्यात, लिहून ठेवता येतो, पण तिच्या एका जागी साधारण एक लाख वेळाच पुसून लिहिता येतं. दर सेकंदाला लिहिलं तर दिवसाला ८६,४०० वेळा होतं. जागा बदलत लिहिण्याच्या युक्त्या आहेत, तरी आम्ही दर दहा मिनिटांनी लिहितो. फार तर दहा मिनिटांची मोजणी बुडते, आणि रविवारी वहीतला आकडा टाकून ती पुन्हा जुळवून घेतो. आणि आकडा अचानक मागे गेलेला दिसला तर बोर्ड नव्याने सुरू झालाय, हे ग्राफ काढणाऱ्या प्रोग्रामला ओळखता आलं पाहिजे. नाहीतर वजा चार हजार युनिट वापरल्याचा खांब उभा राहतो.

ग्राफमधल्या पायऱ्या

दहा सेकंदांनी एक नोंद म्हणजे दिवसाला ८६४० आणि वर्षाला साडेएकतीस लाख. ऐकायला मोठं वाटतं, पण साठवायला ५० एमबीच्या आसपास जागा पुरते. मजा पुढे सुरू होते. ग्राफवर प्रत्येक वस्तू स्वतःची पायरी घेऊन येते. फ्रीजचा कॉम्प्रेसर चालू झाला की सव्वाशे वॉटची पायरी वर, काही वेळाने तेवढीच खाली. मिक्सर म्हणजे अणकुचीदार खांब. एकाच ठिकाणी मोजून पायऱ्यांवरून वस्तू ओळखायची ही कल्पना अमेरिकेत एमआयटीमध्ये जॉर्ज हार्ट यांनी १९८० च्या दशकात मांडली आणि १९९२ मध्ये त्यांचा त्यावरचा प्रसिद्ध निबंध आला. आज याला पुष्कळ गणित जोडलंय. तरी इन्व्हर्टर एसी, बीएलडीसी म्हणजे ब्रश नसलेल्या मोटरचे पंखे यांच्यापुढे ही कल्पना अडते, कारण ही उपकरणं हळूहळू चढतात-उतरतात, पायरी करत नाहीत. आपल्याकडे लाइट गेली की घर बॅटरीवर जातं, त्या वेळी मीटर गप्प असतो. लाइट आली की इन्व्हर्टर तासन् तास बॅटरी भरत बसतो. ग्राफवर हा लांबट उंचवटा पाहून मला आधी वाटलं, कोणीतरी रात्री इस्त्री करतंय. वस्तू ओळखणारा प्रोग्राम घ्याल तर त्याला आपली घरं ठाऊक आहेत का ते बघा.

हा ग्राफ घराबाहेर जाऊ देऊ नका. आई-बाबा किती वाजता उठतात, घर कधी रिकामं आहे, हे त्यात स्वच्छ दिसतं. नेदरलँड्समध्ये स्मार्ट मीटर सक्तीचे करण्याचा प्रस्ताव २००९ मध्ये वरिष्ठ सभागृहात अडला तो याच चिंतेपायी. आमच्या ब्रोकरला पासवर्ड आहे आणि तो इंटरनेटला उघडा नाही.

बाबांच्या एका युनिटाचा छडा तिसऱ्या रात्री लागला. रात्री एक ते पहाटे पाच, सगळे झोपलेले, आणि ग्राफवर दर दहा मिनिटांनी ५०० वॉटचा एक खांब, साधारण पंचवीस सेकंद रुंद. फ्रीज इतक्या ठोक्यात चालत नाही. हिशोब केला तर तासाला २१ वॉट-तास, दिवसाला अर्धं युनिट. पंचवीस सेकंदांसाठी जागी होणारी ५०० वॉटची वस्तू घरात एकच होती, गच्चीवरचा प्रेशर पंप. नळातला दाब उतरला की तो आपोआप चालू होतो. सगळे झोपलेले असताना दाब उतरतो कसा, म्हणून बाबा बॅटरी घेऊन घरभर फिरले आणि वरच्या बाथरूममध्ये कमोडच्या टाकीवर हात ठेवून उभे राहिले. आत पाणी झिरपत होतं. आवाज येत नव्हता, हाताला थरथर लागत होती.

राहिलेलं अर्धं फ्रीजकडे निघालं. त्याच्या पायऱ्या फार लांब होत्या, आणि तो भिंतीला अगदी खेटून ठेवलेला होता. महावितरणच्या घरगुती दरांत १०० युनिटांनंतर आणि पुन्हा ३०० नंतर टप्पा चढतो, त्यामुळे वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महाग टप्प्यातलं असतं. तरीही बाबांना पैशांपेक्षा पाण्याचं जास्त लागलं. प्लंबरने दुसऱ्या दिवशी वॉशर बदलला, आम्ही फ्रीज वीतभर पुढे ओढला.

त्यानंतरच्या सोमवारी वहीत साडेसात आहे. शेजारी बाबांनी पेन्सिलने लिहिलंय, "वॉशर."